अंदमानची सहल : 'फक्त गुडघाभर पाण्यात' उभं राहणं किती सुरक्षित? किनाऱ्यावर आधी काय पाहायचं, काय विचारायचं?

मराठी घरातून अंदमानला जाण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा समुद्र नसतो. ते सेल्युलर जेल असतं. सावरकरांची कोठडी पाहायची, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो बघायचा आणि मग 'आलोच आहोत तर' हॅवलॉकला दोन रात्री, नीलला एक. त्यामुळे या सहलीच्या गटात साठी-पासष्टीचे आई-बाबा असतात, मावशी-काका असतात, सुट्टी लागलेली मुलं असतात. पोहता येणारे एखाद-दुसरे. तिसऱ्या दिवशी दुपारी हा सगळा गट राधानगरच्या पांढऱ्या वाळूवर येतो, समोर निळंशार पाणी दिसतं आणि कुणीतरी म्हणतं, "पोहायचं नाहीये हो, नुसतं गुडघाभर पाण्यात उभं राहायचंय."

हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटतं. दिवाळीपासून मार्चपर्यंत अंदमानचा हंगाम असतो आणि या काळात समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, हेही खरं. पण शांत दिसणारं पाणी आणि सुरक्षित पाणी यांत फरक आहे.

(नावांचा गोंधळ नको म्हणून : डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोटवाले, हॉटेलवाले आणि बुकिंगची अ‍ॅप्स दोन्ही नावं वापरतात. या लेखात लोकांच्या तोंडी असलेली जुनी नावं ठेवली आहेत.)

गुडघाभर पाण्यात नेमकं काय होतं?

इंजिनीअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये वाहत्या पाण्याच्या रेट्याचं एक सूत्र असतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरून गेलो. हा लेख लिहिताना पुन्हा काढलं. फुटलेली लाट मागे फिरते तेव्हा पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने परतत आहे असं धरू. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या दोन्ही पायांवर त्याचा रेटा साधारण २५ किलो वजनाएवढा येतो. तोच माणूस कमरेएवढ्या पाण्यात गेला की रेटा ७० किलोच्या घरात जातो. म्हणजे आपल्याच वजनाचा माणूस आपल्याला समुद्राकडे ढकलतोय असं समजा.

हा ढोबळ हिशोब आहे, पण त्यातली मेख महत्त्वाची. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. वर, कमरेएवढ्या पाण्यात शरीराचं जवळजवळ निम्मं वजन पाणीच उचलतं, त्यामुळे पायाची पकड सुटते. आणि परतणारं पाणी टाचेखालची वाळू घेऊन जातं. ती गुदगुली सगळ्यांनाच आवडते, पण त्याच क्षणी आपण दोन-तीन इंच खाली आणि मागे गेलेलो असतो. गुडघा दुखणाऱ्या, तोल सावरायला वेळ लागणाऱ्या माणसाला पाडायला एवढं पुरतं. पडल्यावर पुढची लाट डोक्यावरून जाते.

यात भर घालतो तो फोटो. समुद्राकडे पाठ करून ओळीत उभं राहायचं, हात वर करायचे आणि रील काढायचं. लाटा एकसारख्या येत नाहीत, गटाने येतात. पाच-सात लहान आल्या की दोन-तीन मोठ्या. पाठ वळवलेल्या माणसाला ती मोठी लाट दिसतच नाही. पाण्यात असेपर्यंत तोंड समुद्राकडेच हवं. फोटो काढणाऱ्याने वाटल्यास बाजूने काढावा.

मग शांत पट्टी शोधायची का?

नाही. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, त्यामुळे थोडा वेळ द्या.

लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे आणून टाकतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. वाळूच्या उंचवट्यांमध्ये जिथे खोलगट खाच असते, तिथून ते एकवटून समुद्राकडे धावतं. यालाच रिप करंट म्हणतात. कोकणात म्हातारी माणसं 'तिथे पाण्याला ओढ आहे' म्हणतात, ती ओढ हीच.

आता गंमत बघा. लाट उथळ पाण्यात फुटते. खाचेत पाणी खोल असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही किंवा कमी फुटते. परिणामी दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये एक गुळगुळीत, थोडी गडद पट्टी दिसते. नवख्या माणसाला वाटतं, 'इकडे लाटा आहेत, तिकडे शांत आहे, मुलांना तिकडेच नेऊ.' आणि कुटुंब नेमकं ओढीच्या तोंडाशी जाऊन उभं राहतं.

ही ओढ सहसा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असते. ती वाढून सेकंदाला साधारण २.४ मीटरपर्यंत जाऊ शकते. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकणारा पोहणारा जवळपास याच वेगाने जातो, तोही २१-२२ सेकंदांपुरता. तेव्हा 'मला विहिरीत पोहता येतं, क्लबच्या टँकमध्ये रोज वीस फेऱ्या मारतो' याला इथे अर्थ उरत नाही.

ओढ ओळखायची कशी? बीचवर पोहोचल्यावर लगेच पाण्यात न उतरता जरा उंचावर उभं राहून दहा मिनिटं पाहायचं. दहा मिनिटांत लाटांचे लहान-मोठे गट येऊन जातात. फेसाची रांग कुठे तुटते आहे? फेस, पानं, कचरा कुठे समुद्राकडे चालला आहे? एखाद्या पट्टीत पाणी वाळूमुळे गढूळ होऊन बाहेर पसरतंय का? ती जागा सोडायची. मुलांना हा खेळ म्हणून लावला तर मोठ्यांपेक्षा तीच लवकर ओळखतात.

या ओढीला वादळाची गरज नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरूडला सहलीला आलेले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. महिना फेब्रुवारीचा होता, पावसाळ्याचा मागमूस नव्हता.

ओढीत सापडलंच तर?

पहिली गोष्ट, ती तुम्हाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. बुडण्याचं कारण बहुतेक वेळा दमणं असतं. किनारा समोर दिसत असतो, माणूस जीव खाऊन सरळ त्याच्याकडे हात मारतो, जागचा हलत नाही आणि दोन-चार मिनिटांत संपतो.

म्हणून आधी हात मारणं थांबवायचं. पाठीवर पडून तोंड आणि नाक पाण्याबाहेर ठेवायचं, तरंगायचं, एक हात वर करून हाक मारायची. लाटा फुटण्याची रेषा ओलांडली की ओढीचा जोर सहसा ओसरतो. पोहता येत असेल आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं. ही पट्टी काही मीटर ते काही दशक मीटर रुंद असते. बाजूला जिथे लाटा फुटत आहेत तिथून परत यायचं, कारण त्या लाटा तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतात. आडवं जाऊन फरक पडत नसेल तर पुन्हा तरंगायचं.

पोहता न येणाऱ्याने एवढंच शिकून गेलं तरी पुष्कळ : पाठीवर तरंगणं. जवळच्या तरण तलावात प्रशिक्षकाकडून आठवडाभरात बऱ्याच जणांना जमतं. सहलीसाठी नवे गॉगल, टोप्या, चपला घेतोच आपण. ही तयारी त्याहून स्वस्त आहे.

पाच वाजता अंधार कसा?

मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे, हॅवलॉक ९३ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने ८० मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. हिवाळ्यात अंदमानचा दिवस आपल्यापेक्षा थोडा मोठा असल्याने हा फरक तासाभरावर येतो, तरी डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो.

आपल्या डोक्यात पाच म्हणजे चहाची वेळ. जेवण, वामकुक्षी उरकून साडेचारला राधानगरला पोहोचणारे गट दिसतात ते यामुळेच. तोवर जीवरक्षकांचा दिवस संपत आलेला असतो आणि पाण्यात कोण कुठे आहे हे दिसणं कठीण होत जातं. राधानगरला पाण्यात उतरायचं असेल तर सकाळी नाहीतर दुपारी लवकर जा. सूर्यास्त वाळूवर बसून बघा. तो खरंच बघण्यासारखा आहे.

अंधाराचं आणखी एक कारण आहे, मगर.

अंदमानात मगरी? बीचवर?

हो. खाऱ्या पाण्यातली मगर. खाडी, तिवरांची जंगलं, ओढ्यांची मुखं हे तिचं घर, पण ती समुद्रातही पोहते आणि एका खाडीतून दुसरीकडे जाते. २०१० मध्ये राधानगरजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पोर्ट ब्लेअरजवळच्या कॉर्बिन्स कोव्ह आणि वंडूरच्या किनाऱ्यांवर मगरींना अडवणारी जाळी लावून पोहण्याची जागा आखावी लागली आहे.

घाबरून सहल रद्द करण्याइतकं हे मोठं नाही. हजारो पर्यटक दर आठवड्याला पाण्यात उतरतात आणि सुखरूप परततात. पण जिथे गोडं पाणी समुद्राला मिळतं, जिथे तिवरं दिसतात, तिथे पाय बुडवायचे नाहीत. पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री पाण्यात जायचं नाही. जाळी असेल तर तिच्या आतच. आणि मगरीचा फलक दिसला तर त्याच्याशेजारी उभं राहून गमतीचा फोटो काढण्याआधी स्थानिक माणसाला विचारा की शेवटची कधी दिसली होती. मगरीच्या बाबतीत दुकानदार, रिक्षावाले, कोळी मोकळेपणाने आणि नेमकं सांगतात.

नीलला आपलं भरतीचं गणित चालतं का?

कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी युक्ती आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. ही युक्ती आपल्या किनाऱ्यापुरती आहे. अंदमानच्या भरतीची घटिका वेगळी, तिथे पाऊणपट करून गेलात तर फसाल. दोन गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्या : भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं.

नीलवर याचा थेट संबंध येतो. लक्ष्मणपूरजवळचा दगडी नैसर्गिक पूल, ज्याला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, तो ओहोटीतच पाहता येतो. पाण्याखालून वर आलेल्या प्रवाळाच्या, निसरड्या खडकांवरून चालत जायचं असतं. अंदमानात भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या साधारण निम्मा, उधाणाला दोन मीटरच्या आसपास. 'एवढंच?' असं वाटेल. पण शंभर मीटरला एक मीटर एवढाच उतार असलेल्या सपाट खडकावर दोन मीटर पाणी चढलं म्हणजे किनारा २०० मीटर मागे गेला. परतीच्या वाटेवर पाणी तुमच्या आधी पोहोचतं. त्यामुळे गाइडला 'कधी निघायचं' याबरोबर 'किती वाजता परत फिरायचं' हेही विचारून घ्या. पायात घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट हवेत. स्लिपर खडकात अडकते आणि प्रवाळाने कापलेली जखम लवकर भरत नाही.

तिथे दिसणारे शंख उचलू नका. कोन जातीच्या शंखातला जिवंत प्राणी विषारी काटा मारतो. शिवाय प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेलाही, सोबत आणणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तो विमानतळावर बॅगेत सापडतो.

स्कूबा शेवटच्या दिवशी का नको?

'परतीचं विमान दुपारी आहे, सकाळी स्कूबा उरकून घेऊ' हा बेत कितीही सोयीचा वाटला तरी टाळा. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्त नायट्रोजन विरघळतो. विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. डायव्हिंगमधला सर्वमान्य नियम असा : एका साध्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केले असतील तर किमान १८ तास. पूर्ण एक दिवस मोकळा ठेवलात तर प्रश्नच नाही.

दुसरं, पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होते. प्रशिक्षक हे सांगतो, पण घाईच्या हंगामात पाच मिनिटांत सांगतो. समजलं नसेल तर पुन्हा विचारा, मागे रांग असली तरी. आरोग्याचा फॉर्म भरायला देतील. दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाबाच्या गोळ्या, कानाचं ऑपरेशन, जे असेल ते खरं लिहा. 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करून सही ठोकायची आपल्याकडे पद्धत आहे. हा फॉर्म त्यासाठी नाही.

छोट्या बोटीत बसताना

२६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटून २० हून अधिक जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बोटीवर क्षमतेचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचा आणि डोकी मोजा. लाइफ जॅकेटचे सगळे बकल लागलेले हवेत. खांद्याला धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे, लहान मागून घ्या. डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका कडेला धावले किंवा फोटोसाठी उभे राहिले की बोटीचा तोल जातो. आई-बाबांना मधल्या फळीवर बसवा.

बाकी गोष्टी थोडक्यात. स्नॉर्केलिंगला पाठ आणि गुडघ्यामागचा भाग भाजतो, पाण्याच्या गारव्यामुळे तो संध्याकाळपर्यंत कळत नाही. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. जेलीफिश लागली तर चोळू नका, वाळू किंवा गोडं पाणी लावू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे किंवा दवाखान्यात जा. श्वास लागत असेल तर एक मिनिटही थांबू नका. जोराचा, लांबलेला भूकंप जाणवला किंवा समुद्र अचानक मागे हटलेला दिसला तर इशाऱ्याची वाट न बघता उंचावर चला. २००४ च्या त्सुनामीत या बेटांवर लाटा फार थोड्या वेळात पोहोचल्या होत्या, आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नसतं.

समोर कुणी बुडत असेल तर?

बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही. डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पाण्यावर दाबल्यासारखे आणि आवाज नाही. मुलं अचानक गप्प झाली की आधी तिकडे बघा.

मागोमाग उडी मारणं ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. एकाला वाचवायला दुसरा, त्याला वाचवायला तिसरा, अशी साखळीच्या साखळी गेल्याच्या बातम्या आमच्या डेस्कवर दर पावसाळ्यात येतात. जीवरक्षकाला हाक मारा, बोटाने माणूस दाखवत राहा म्हणजे नजरेतून सुटणार नाही, आणि तरंगणारं काहीही फेका. दोन लिटरची बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली जवळजवळ दोन किलो वजन तोलून धरते. अशा दोन-तीन छातीशी धरल्या तर तोंड पाण्याबाहेर राहू शकतं. पाच लिटरचा रिकामा कॅन त्याहून बरा. हॉटेलातून पाण्याचा मोठा कॅन घेऊन निघालात तर रिकामा झाल्यावर तो टाकू नका, बूच लावून वाळूवर हाताशी ठेवा.

बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबू नका, उलटं लटकवू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि मग छाती दाबायला सुरुवात करायची. बुडालेल्या माणसाला प्राणवायूच कमी पडलेला असतो. शुद्धीवर आला, बरा वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

फोन कुणाला, आणि पुढे काय?

आपत्कालीन क्रमांक ११२, समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून बेटांवर नेटवर्क सुधारलं आहे, पण सगळ्या बीचवर रेंज मिळेलच असं धरून चालू नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे इशारे रोज देते. ते हॉटेलच्या वायफायवर सकाळीच बघून घ्या. दूर दक्षिणेच्या महासागरातून आलेल्या लाटा इथे वारा नसतानाही किनाऱ्यावर चढतात. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. आकाश निरभ्र असतानाही तो इशारा लागू असतो.

हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. गंभीर रुग्णाला पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयात न्यावं लागतं, तेही बोटीने किंवा हेलिकॉप्टरने. रोजच्या गोळ्या तीन-चार दिवसांच्या जास्तीच्या ठेवा, आणि त्या हातातल्या बॅगेत. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकले होते. नौदलाची जहाजं त्यांना घेऊन आली. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरला काढायची ती यासाठी. सेल्युलर जेल पहिल्या दिवशी राहून गेलं असेल, तर त्या संध्याकाळी बघून होतं.